अर्धा क्लच

सुरतेत डिंडोलीच्या रेल्वेपुलावर तुंबलेली वाहनं हलली तसा कुंदन क्लच दाबून पहिला गिअर टाकायला गेला, आणि गिअर पडला नाही. दांडा हाताला अडला, खालून कर्र असा आवाज आला. त्या आवाजासरशी कुंदनची मान उजवीकडे वळली. वीस वर्षं गाडी शिकवताना ती तशीच वळत आली होती, कारण शिकणारा उजवीकडे बसतो आणि हा आवाज नेहमी शिकणाऱ्याच्या पायातून येतो. क्लच पूर्ण दाबा, हे शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा. पण उजवीकडे काच होती, आणि काचेपलीकडे एक रिक्षावाला तंबाखू मळत त्याच्याकडे बघत होता. गाडीत दुसरं कोणीच नव्हतं. स्टिअरिंगमागे तोच बसला होता.

मागचा टेम्पो हॉर्न देऊ लागला. कुंदननं पुन्हा क्लच दाबला, पुन्हा दांडा ढकलला, पुन्हा तेच. मग त्यानं इंजिन बंद केलं. बंद गाडीत गिअर निमूट पडला, आणि तशीच चावी फिरवून, एक हिसका खात, त्यानं गाडी पुढं काढली. छतावर ड्रायव्हिंग क्लासची पाटी, पुढं-मागं लाल रंगातलं एल, आणि आत शिकवणाराच गाडीला गचके देत चाललेला. रिक्षावाला हसला का, हे बघायला त्यानं आरशात पाहिलं नाही. पूल उतरेपर्यंत त्यानं स्वतःशी नक्की करून टाकलं की केबल ढिली झाली आहे. केबल ढिली असली की क्लच पुरता सुटत नाही, आणि क्लच सुटला नाही की चालू इंजिनावर गिअर पडत नाही, बंद इंजिनावर पडतो. प्रत्येक नव्या माणसाला तो हे पहिल्याच दिवशी सांगायचा. सरळ साधा दोष होता, त्यावर सरळ साधा उपाय होता. तरी कॅनाल रोडला लागल्यावर त्यानं विनाकारण दोनदा गाडी थांबवली, दोनदा पहिला टाकून बघितला. एकदा पडला. एकदा नाही.

भेस्तानच्या रस्त्याला मगनचं गॅरेज होतं. क्लासच्या गाड्या वर्षानुवर्षं तिथंच जायच्या. मगननं बॉनेट उघडलं, केबल पाहिली, थोडी आवळली, मग हात पुसून स्वतः आत बसला आणि चालू इंजिनावर एकामागून एक सगळे गिअर टाकून दाखवले. आवाज नाही. कुंदन बसला. कर्र. मगननं त्याला उतरवलं, पुन्हा स्वतः बसला, पुन्हा काही नाही. गाडी तुमच्यावर रुसली दिसते, असं काहीतरी तो गुजरातीत म्हणाला आणि हसला. कुंदनला हसू आलं नाही. त्यानं नवी केबल टाकायला लावली. नव्या केबलनं पेडल हलकं झालं, आणि ते हलकेपण त्याला इतकं सुखाचं वाटलं की त्या संध्याकाळी गोडादऱ्याच्या घरी जाताना त्यानं बायकोसाठी, योगितासाठी, वाटेत डाळीचा गरम सुरती लोचो बांधून घेतला. ती म्हणाली, आज काय आहे? काही नाही, तो म्हणाला, गाडी सुधारली. पण आठवडा व्हायच्या आत पुन्हा दांडा अडायला लागला. या खेपेला कुंदन क्लचप्लेट बघ म्हणून अडूनच बसला. मगननं दिवसभर खपून गिअरबॉक्स उतरवला, प्लेट काढली, कापडानं पुसून त्याच्यासमोर धरली. प्लेटीवर अजून पुष्कळ जाडी शिल्लक होती.

"प्लेटमां कंई खराबी नथी, कुंदनभाई," मगन म्हणाला. "गाडीमां कंई नथी."

हे त्यानं समजावण्याच्या सुरात सांगितलं होतं, त्यात दुसरं काही नव्हतं. मगन लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरलाही. पण गाडीत काही नाही हे वाक्य कुंदनच्या कानात राहिलं, आणि गाडीत नाही तर कशात, हा पुढचा प्रश्न त्यानं मनात येऊ दिला नाही. प्रश्न येतोय असं वाटलं की तो रेडिओ लावायचा, पुढच्या शिकणाऱ्याला फोन करायचा, खिशातला रुमाल काढून स्वच्छ असलेला आरसा पुसायचा. उन्हामुळे होत असेल. रबर फुगत असेल. चटई पेडलखाली सरकत असेल. चटई काढून त्यानं डिकीत टाकली. मग उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून बसताना त्याला पहिल्यांदा जाणवलं की उजव्या पायाला पत्रा थंड लागतो आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला तो थंडही लागत नाही आणि गरमही लागत नाही.

त्या दिवसांत अरुणाताई त्याच्याकडे शिकत होत्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, डिंडोलीच्या एका नव्या सोसायटीत राहायच्या. त्यांचे यजमान प्रभाकरराव अगदी परवापरवापर्यंत स्वतः गाडी चालवत होते. मग साखरेनं डोळ्यांचा पडदा गेला, आणि त्यांची पांढरी गाडी पार्किंगमध्ये आच्छादन घालून उभी राहिली. डोळ्यांच्या इंजेक्शनला, तपासण्यांना त्यांना सारखं न्यावं लागायचं. रिक्षात त्यांना चक्कर येते, असं अरुणाताई म्हणाल्या होत्या, म्हणून मी शिकते. हुशार नव्हत्या त्या गाडीत. वळण घेताना श्वास धरायच्या, सिग्नलला उगीच पदर सारखा करायच्या. पण सांगितलेलं तंतोतंत करायच्या. क्लच दाबा म्हटलं की दाबायच्या, तळाला टेकेपर्यंत. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची पेडलं असतात, शिकणाऱ्याच्या पेडलांना जोडलेली. एकानं दाबलं की दुसरीकडचंही खाली जातं. त्या सकाळी कॅनाल रोडवर अरुणाताईंनी क्लच दाबला आणि कुंदनच्या नजरेसमोर त्याच्या बाजूचं पेडल आपोआप खाली जाऊन पत्र्याला टेकलं. दुसरा गिअर पडला. पुन्हा दाबला, पुन्हा टेकलं, तिसरा पडला. काही अडलं नाही. कुंदन रस्त्यावरची नजर काढून त्या पेडलाकडेच बघत राहिला, आणि अरुणाताईंनी विचारलं, "कुंदनभाऊ, डावीकडे घेऊ का?" तो हो म्हणाला. डावीकडे काय होतं हे त्यानं पाहिलं नव्हतं.

त्यांना सोडून तो कॅनाल रोडला परत आला. एका निंबाखाली गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं, आणि डावा पाय क्लचवर ठेवून पूर्ण ताकदीनं दाबला. वाकून पाहिलं. पेडल पत्र्यापासून वर राहिलं होतं. त्यानं पाठ सीटला रेटली, स्टिअरिंग घट्ट धरलं, मांडीपासून जोर लावला. पेडल थोडं खाली गेलं, मग घोटा दुमडल्यासारखा झाला आणि पेडल पायाला वर ढकलत परत आलं. दांडा ढकलला. कर्र.  शेजारून ऊस भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, तिच्या मागून लोंबणारं एक पाचट पार वळणापर्यंत त्यानं बघितलं. नंतर त्यानं डावा पाय बाजूला काढला, अंग तिरकं केलं, आणि उजवा पाय क्लचवर ठेवला. पेडल सहज खाली गेलं, टेकलं. गिअर पडला. रिव्हर्स टाकला, पडला. पुन्हा पहिला. कसलाही आवाज नाही. कुंदननं इंजिन बंद केलं. त्याला मगनचा राग आला, नव्या केबलचा राग आला, त्या निंबाचाही आला. आणि या सगळ्याखाली, अगदी तळाला, हे आपल्याला ठाऊक होतं अशी एक ओशाळलेली जाणीव होती, आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून तो गाडीतून उतरून उन्हात उभा राहिला.

गेल्या वर्षी त्याचा हाच पाय दुखायचा. कमरेतून निघालेली कळ ढुंगणातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत जायची, आणि बसून बसून ती अशी पेटायची की शिकणारा गाडी चालवत असताना कुंदन दात आवळून खिडकीबाहेर बघायचा. योगिता मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची. उधन्याच्या एका वैद्यानं तेल दिलं होतं. मग होळीच्या सुमाराला एका सकाळी तो उठला आणि कळ नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. पाय हलका, परका, शांत. कुंदननं नारळ फोडला होता. योगिताला म्हणाला होता, गेलं एकदाचं. त्यानंतर डावी चप्पल पायातून निसटायला लागली. चालताना चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं की चप्पल मागं राहिली, आणि तो मागं येऊन ती घालायचा, आजूबाजूला बघत, जणू दुसऱ्याच कोणाची चप्पल घालतोय. नव्या चपला घेतल्या, पट्ट्याच्या. आता हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहत होतं आणि तो त्याला ओळीत उभं राहू देत नव्हता.

त्याला बाप आठवत होता, आणि नको असताना आठवत होता. बाप उखा लिंबायतला यंत्रमागावर होता. अमळनेरकडून सुरतला आला तेव्हा विशीतला असेल. मागाच्या खडखडाटात माणूस माणसाशी ओठांनी बोलतो, आवाजानं नाही. बाप त्यात तरबेज होता. घरी यायचा तेव्हाही आईच्या ओठांकडे बघूनच ऐकायचा, आणि कुंदनला लहानपणी ते बापाचं प्रेमच वाटायचं, हा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे किती लक्ष देऊन बघतो. ऐकू येणं थांबलं आहे हे कारखान्यात कोणाला कळलं नाही, कारण तिथं कोणालाच ऐकू येत नव्हतं. घरी कळलं, पण कोणी बोललं नाही. मग एकदा वीज गेली, सगळे माग थांबले, आणि त्या शांततेत मागांवर देखरेख करणाऱ्या मास्तरनं मागून उखाला हाक मारली. एकदा, दोनदा, मग सगळ्यांनी मिळून मारली. बाप पाठमोरा उभा राहून धोट्यातला धागा बघत राहिला. कुंदन डबा घेऊन दारात आला होता. लोक हसत होते. त्यानं जाऊन बापाच्या खांद्याला हात लावला तेव्हा बाप वळला आणि सगळ्यांचे हसरे चेहरे बघून, काही न कळता, तोही हसला. ते हसू. कुंदनला त्या हसण्याची इतकी भीती बसली होती की तो मागावर दोन वर्षांच्या वर टिकला नाही. गाडी शिकला, आणि पुढं शिकवायला लागला.

आता त्यानं एक युक्ती काढली. शिकवताना गाडी त्याला चालवायची नसतेच. घरून क्लासपर्यंत, क्लासपासून शिकणाऱ्याच्या दारापर्यंत तेवढी चालवावी लागते. तेवढं तो तिरका बसून, थांबत थांबत, उजव्या पायानं निभवायला लागला. ज्यांना थोडंफार येत होतं त्यांना क्लासवरच बोलावून घेऊ लागला, सवय होईल म्हणून. आणि शेजारच्या सीटवर बसला की तो उजवा पाय क्लचवर ठेवायचा, डावा त्याच्याखालून तिरका नेऊन ब्रेकवर. ब्रेकला काय, नुसता टेकवला तरी पुरतो, असं तो स्वतःला सांगायचा. शिकणाऱ्यांना तो पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला, कारण पायानं सांभाळता येत नव्हतं ते तोंडानं सांभाळायचं होतं. आता सोडा, हळूहळू, पुढं बघा, आरसा बघा. घरी गेल्यावर घसा बसलेला असायचा. क्लासचे मालक भिकनशेठ म्हणाले, कुंदन, तुला हल्ली जोर आलाय. त्याला झोप लागायची, पण झोपेतही पाय कशावर तरी दाबत असल्यासारखा वाटायचा आणि ते जे काही होतं ते तळाला टेकत नसे.

भाजीबाजाराच्या टोकाला, सकाळीच, ते झालं. अरुणाताई चालवत होत्या. गल्लीतून एक माणूस सायकलला साड्यांच्या गठड्या बांधून, सायकल हातानं ढकलत एकदम बाहेर आला. अरुणाताईंनी स्टिअरिंग धरलं ते धरूनच ठेवलं. पाय कुठं न्यायचा हे त्यांना क्षणभर सुचलं नाही. असे क्षण कुंदनच्या आयुष्यात शेकड्यांनी आले होते, आणि त्याचा पाय विचाराच्या आधीच ब्रेकवर पोचायचा. या वेळीही पोचला. डावा पाय. त्यानं दाबला. गाडी जराशी मंदावली आणि पुढं जातच राहिली, आणि त्या लांबलेल्या, न संपणाऱ्या पळात कुंदनला स्वतःचा घोटा दुमडताना दिसला, माणसाचा हात निसटताना दिसावा तसा. मग अरुणाताईंचा पाय ब्रेकवर आला. गाडी गचका खाऊन बंद पडली. बंपर सायकलच्या मागच्या चाकाला लागला होता; माणूस आडवा झाला, गठडी सुटली, जांभळ्या-हिरव्या साड्या रस्त्यातल्या पाण्यात पसरल्या. माणूस उठला. कोपर सोलवटलं होतं, पण तो आधी साड्या उचलायला धावला.

लोक जमले. अरुणाताई उतरून त्या माणसाच्या साड्या गोळा करू लागल्या, आणि त्या सारख्या म्हणत होत्या की माझा पाय उशिरा पोचला, माझीच चूक, भाऊ, माझीच चूक. कोणीतरी कुंदनला विचारलं, तू काय करत होतास शेजारी बसून? कुंदननं छतावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"शिकाऊ आहेत," तो म्हणाला. "होतं असं."

एवढंच तो बोलला. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. अरुणाताईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, तक्रारीनं नाही, उलट उपकार मानल्यासारखं, की बघा, आपल्याला हे सांभाळून घेताहेत. ती नजर टाळायला कुंदन आडवी पडलेली सायकल उभी करायला गेला. सायकलवाल्याला जखम धुवायला पाणी दिलं, साड्यांचं काय ते अरुणाताईंनी मिटवलं, गर्दी पांगली. परत जाताना त्यांनी गाडी चालवायला नको म्हटलं. कुंदन उजव्या पायानं क्लच दाबत, तिरका बसून त्यांना घरी सोडून आला. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की आता शिकायला येणार नाही. या वयात हा हट्टच होता, माणूस मेला असता, प्रभाकररावांना मी रिक्षानंच नेत जाईन, चक्कर आली तर आली. कुंदनभाऊ, तुम्ही फार चांगलं शिकवलंत, माझ्याच अंगी नाही. कुंदन हो हो म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, आत आला, पाणी प्याला, पुन्हा गॅलरीत गेला. योगिता खाटेवर साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. घरी ती त्याच्याशी अहिराणीतच बोलायची. मान वर न करता ती म्हणाली,

"तुम्हनी डावी चप्पल वाजस. उजवी नही."

कुंदन थांबला. कधीपासून, असं त्यानं विचारलं. होळीपासून, ती म्हणाली. जिन्यात तुमचं पाऊल ओळखू येतं, एक पाऊल आणि एक फरफट. मग बोलली का नाहीस, हे विचारताना त्याचा आवाज चढला, आणि ते त्याचं त्यालाच कळलं. योगितानं चिमट्यातली टिकली साडीवर ठेवली, बोटानं दाबली.

"तुम्ही सांगशात म्हनीसन वाट दखत व्हती," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "सकाय डाक्टरकडे जाऊत."

डॉक्टर तरुण होता. बोलायला हिंदीच. त्यानं कुंदनला डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. कुंदननं भिंतीला हात लावला, अंग वर खेचलं. उजवी टाच उचलली गेली होती, डावी जमिनीवरच होती. पुन्हा, डॉक्टर म्हणाला. पुन्हा तेच. मग त्याला टेबलावर झोपवून डॉक्टरनं आपला तळहात त्याच्या डाव्या तळपायाला लावला.

"दबाइए."

कुंदननं दाबलं.

"दबाइए. पूरा."

"दबाया है, साहब."

 डॉक्टरचा हात जिथं होता तिथंच होता. योगिता पडद्याजवळ उभी राहून त्या हाताकडे बघत होती. कुंदननं छताकडे नजर लावली आणि अजून दाबलं, कमरेपासून, पोटापासून, दातांपासून दाबलं, आणि आपण दाबतोय हे त्याला आतून इतकं खरं वाटत होतं की तो हात मागं सरकलाच असला पाहिजे अशी त्याची खात्री झाली. त्यानं मान उचलून पाहिलं. हात हलला नव्हता. त्या एका बघण्यात त्याच्या आतली सगळी पळापळ अचानक थांबली. पुढचं सगळं त्यानं शांतपणे ऐकलं. कमरेत नस दबली आहे, मशीनमध्ये फोटो काढावा लागेल, बहुतेक ऑपरेशन, लवकर. ताकद थोडी परत येईल, किती ते सांगता येत नाही. दुखायचं थांबलं ते बरं होऊन नव्हे, नस थकली म्हणून. गाडी चालवायची नाही, गाडीत शिकवायलाही बसायचं नाही. बाहेर पायऱ्या उतरताना योगितानं हात पुढं केला नाही. ती फक्त एक पायरी खाली, त्याच्या डाव्या बाजूला राहिली.

फोटोत तेच निघालं. ऑपरेशनचा दिवस ठरला. भिकनशेठना त्यानं सांगितलं. ते म्हणाले, बरा हो, मग बघू. त्या बघूमध्ये काय आहे ते दोघांनाही कळलं. इतक्या दिवसांची तगमग गेली होती असं नाही. ती आता एकाच ठिकाणी येऊन साचली होती. क्लासमध्ये, घरी, दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं आणि जिथं सांगायचं होतं तिथं सांगितलं नव्हतं. फोनवर सांगता आलं असतं. दोनदा त्यानं नंबर काढला आणि परत ठेवला. शेवटी एका दुपारी रिक्षा करून तो अरुणाताईंच्या सोसायटीत गेला.

दार त्यांनीच उघडलं. कुंदनभाऊ, तुम्ही? प्रभाकरराव खुर्चीत रेडिओ ऐकत बसले होते. कोण आहे हे त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि बसा म्हणाले. कुंदन बसला नाही. बसलो तर चहा येईल, चहा आला तर बोलणं राहील, असं त्याला वाटलं.

"ताई, त्या दिवशी तुमचा पाय उशिरा पोचला नाही," तो म्हणाला. "माझा आधी पोचला होता. मी ब्रेक दाबला. तो लागला नाही. माझ्या पायात ताकद नाहीये. बऱ्याच दिवसांपासून नव्हती. गाडी थांबली ती तुमच्या पायानं."

प्रभाकररावांनी रेडिओ बंद केला. अरुणाताई उभ्याच होत्या. कुंदनला वाटलं होतं त्या विचारतील, कसा आहे पाय, काय म्हणतात डॉक्टर. त्यांनी ते विचारलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि शाळेतल्या बाईंचा तो चेहरा असणार, कारण कुंदनची मान आपोआप खाली गेली. त्या म्हणाल्या, मी रोज भाजी चिरताना तो माणूस पडताना बघतेय. यांच्या तपासणीला परवा गेलो तर रिक्षात यांना उलटी झाली, आणि मी मनात स्वतःलाच म्हटलं, तुझ्यामुळे. आणि तुम्ही तिथं शेजारी बसून शिकाऊ आहेत म्हणालात. आवाज त्यांनी चढवला नाही. कुंदन म्हणाला, हो.  त्या आत निघून गेल्या. प्रभाकररावांनी त्याला विचारलं की कोणता पाय, आणि त्यानं डावा म्हणून सांगितलं. ऑपरेशन कधी, तेही विचारलं. मग ते म्हणाले की डोळ्यांचं मीही कोणाला सांगितलं नव्हतं, एका म्हशीला घासून गेलो तेव्हा कळलं हिला. ते हे गंमत म्हणून सांगत होते की नाही, कुंदनला कळलं नाही.

अरुणाताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चावी होती. चला खाली, म्हणाल्या. नवऱ्याला चपला दिल्या, लिफ्टनं तिघं खाली आले. पार्किंगमध्ये त्यांनी पांढऱ्या गाडीवरचं आच्छादन ओढून काढलं. धुळीचा लोट उठला. कुंदन सवयीनं डाव्या दाराकडे गेला, दाराला हात लावला.

"तुम्ही नका बसू," अरुणाताई म्हणाल्या.

तो मागं झाला. सोसायटीच्या इमारतींना वळसा घालणारा आतला रस्ता होता, दुपारची वेळ, कोणी नव्हतं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली नाही, मग झाली. पहिला गिअर पडला. अरुणाताईंनी दोन्ही आरसे बघितले, पदर सारखा केला, आणि गाडी निघाली, फार हळू, कडेच्या कुंड्यांपासून फार लांब राहून. गाडीत शिकणारा माणूस आहे आणि आपण बाहेर उभे आहोत, असं कुंदनच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. त्याचे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. दुसरा टाका, तो पुटपुटला, आणि तेवढ्यात तिकडे इंजिनाचा आवाज खाली आला, दुसरा पडला. गाडी बी विंगच्या कोपऱ्यावरून वळली.

प्रभाकरराव त्याच्या शेजारी उभे होते, तोंड त्या दिशेला करून.

"दिसतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वळली."

दोघं थांबले. वर कुठल्यातरी गॅलरीत कोणी गादी झटकत होतं. इमारतीमागून आवाज येत नव्हता, मग येऊ लागला, आणि दुसऱ्या बाजूनं पांढरी गाडी पुढं आली. अरुणाताई काचेला नाक लागेल इतक्या पुढं झुकून बसल्या होत्या. त्या जवळ आल्या तसा कुंदननं थांबा म्हणून हात वर केला, आणि मग तो तसाच हवेत राहिला, कारण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी त्या दोघांच्या समोरून गेली.

"थांबली का?" प्रभाकररावांनी विचारलं.

"नाही," कुंदन म्हणाला. "पुढं गेली."